समझोता झाला, दंड भरला. मग ‘मी दोषी नाही’ असे का लिहिता येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या तुमच्या थोरल्या भावावर अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे एसईसी या शेअर बाजार नियामक आयोगाने, काही वर्षांपूर्वी इनसायडर ट्रेडिंगचा, म्हणजे कंपनीची जाहीर न झालेली आतली माहिती वापरून शेअरचे व्यवहार केल्याचा, दिवाणी दावा लावला. त्यांनी तो न लढवता समझोता केला आणि पैसे भरले. आता पुण्याच्या एका दिवाळी अंकाने त्यांना त्या अनुभवावर लेख मागितला आहे. त्यात ‘मी काहीही गैर केले नव्हते’ असे त्यांना लिहायचे आहे, आणि त्यांच्या तेव्हाच्या वकिलांनी नको म्हटले आहे. तुम्ही विचारता: आरोप तर दादाने कबूल केलेच नाहीत, आणि भाषणस्वातंत्र्याचा एवढा बडेजाव करणाऱ्या देशात माणसाला स्वतःची बाजू मांडायला बंदी कशी?

वकिलांनी बरोबर सांगितले आहे. ते वाक्य छापू नये. पण लेख लिहिता येईल, आणि चांगला लिहिता येईल. मी अशा प्रकरणांत बचाव पक्षाकडून अनेक वर्षे काम करते आहे. ही अट मला अन्याय्य वाटते, आणि का ते पुढे सांगणारच आहे. पण माझे मत आणि तुमच्या भावाच्या डोक्यावरची जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून आधी जोखमीचे बोलू.

दादांचे संमतिपत्र काढा. ज्याला इथे ‘कन्सेंट’ म्हणतात ते हे. न्यायालयाचा निकाल वेगळा असतो, हा त्याला जोडलेला, दादांच्या सहीचा कागद. त्यात एका परिच्छेदात संघीय नियमावलीतल्या कलम २०२.५(ई)चा उल्लेख सापडेल. आशय असा असतो: प्रतिवादी तक्रारपत्रातला (आयोगाने न्यायालयात आरोप मांडलेल्या कागदातला) कोणताही आरोप प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे नाकारणारे, किंवा तक्रारपत्राला वस्तुस्थितीचा आधार नाही असा समज निर्माण करणारे जाहीर विधान करणार नाही आणि करू देणार नाही. अलीकडच्या मसुद्यांत याच्याही पुढचे एक पाऊल आहे. ‘मी आरोप मान्य केलेले नाहीत’ एवढेच सांगून थांबता येत नाही. सांगायचे तर त्याच दमात ‘मी ते नाकारतही नाही’ हेही सांगावे लागते. दाव्यात आधी आरोप नाकारणारी कैफियत दाखल केलेली असेल, तर तेवढ्यापुरती ती मागे घेतली असे मानले जाते. दिवाळखोरीत जाऊन हे देणे बुडवता येऊ नये म्हणून, त्या कायद्यापुरते आरोप खरे धरले जातील असेही वाक्य त्यात असते.

यातला शब्द न् शब्द महत्त्वाचा आहे. ‘कोणताही आरोप’ म्हणजे फक्त मुख्य फसवणुकीचा नव्हे. तक्रारपत्रात पंचेचाळीस परिच्छेद असतील आणि त्यातल्या सतराव्यात ‘त्या संध्याकाळी दोघांचे फोनवर बोलणे झाले’ असे लिहिलेले असेल, तर तेही जाहीरपणे नाकारायचे नाही. ‘अप्रत्यक्षपणे’ म्हणजे सूचकपणेही नाही. ‘करू देणार नाही’ म्हणजे वकील, प्रवक्ता, कंपनीचे प्रसिद्धिपत्रक, कोणाच्याही तोंडून वदवून घ्यायचे नाही. आणि मुदत कुठेच लिहिलेली नसते. दंड भरून संपतो, कंपनीत संचालक होण्यावरची बंदी पाच-दहा वर्षांची असू शकते. बोलण्याची बंदी मरेपर्यंत चालते.

सूट दोन ठिकाणी आहे. शपथेवर साक्ष द्यावी लागली तर खरे ते सांगायचे, तिथे ही अट आड येत नाही. आणि ज्या दाव्यात आयोग पक्षकार नाही, उदाहरणार्थ गुंतवणूकदारांनी लावलेला खासगी दावा, तिथे आरोप नाकारून पूर्ण ताकदीने लढता येते. म्हणजे तेच वाक्य नेवार्कच्या न्यायालयात म्हणता येते आणि बाहेर पायरीवर उभे राहून पत्रकाराला सांगता येत नाही.

मोडली तर काय? आयोग न्यायालयाकडे जाऊन निकाल रद्द करून दावा पुन्हा उघडण्याची मागणी करू शकतो. इतक्या वर्षांनी, जेव्हा साक्षीदार विखुरलेले असतात, ईमेल हरवलेले असतात आणि वकिलांना द्यायला पैसे उरलेले नसतात, तेव्हा ही धमकी पुरेशी असते. काही निकालांत संमतिपत्र निकालाचाच भाग म्हणून समाविष्ट केलेले असते. तिथे न्यायालयाच्या अवमानाचा प्रश्नही उभा राहू शकतो. म्हणून निकालाची प्रतही वाचायला हवी, नुसते संमतिपत्र नाही.

आता दिवाळी अंक. मराठीत लिहिले, पुण्यात छापले, वाचणारे बहुतेक महाराष्ट्रातले, म्हणून अट लागू नाही असे नाही. ‘जाहीर विधान’ एवढेच शब्द आहेत. भाषा आणि देश यांचा अपवाद नाही. भारतात त्यांना कोणी अडवणार नाही हे खरे, पण अडवण्याची गरजच नाही. आयोग अमेरिकेतल्याच न्यायालयात अर्ज करील आणि भाषांतर जोडील.

काय लिहिता येईल? चौकशी कशी सुरू होते, समन्स घरी येते तेव्हा घरात काय होते, ‘वेल्स नोटीस’ म्हणजे आयोगाने ‘आम्ही तुमच्यावर कारवाईची शिफारस करणार आहोत’ असे कळवलेले पत्र हातात पडल्यावर नोकरीचे काय होते, वकिलांच्या बिलांनी मुलांच्या शिक्षणाची शिल्लक कशी आटते, हे सगळे लिहिता येईल. समझोत्याच्या अटी लिहिता येतील. त्या सार्वजनिकच आहेत. इनसायडर ट्रेडिंगचा अमेरिकी कायदा संसदेने एका कलमात नीट न मांडता बहुतांशी न्यायालयांच्या निकालांतून वाढला आहे आणि त्यामुळे सीमारेषा धूसर आहे, हे मत मांडता येईल, फक्त ‘माझ्या बाबतीत ती ओलांडली गेली नव्हती’ हे जोडायचे नाही. या अटीवर टीका करता येईल. आयोगावरही करता येईल.

अवघड जागा मधे असतात. ‘मी दमलो होतो म्हणून सही केली’ हे वाक्य पाहा. खरे असेल, माणसाच्या मनातले असेल, पण वाचणारा त्यातून ‘म्हणजे दोषी नव्हता’ असाच अर्थ काढणार. मी ते खोडायला सांगते, किंवा त्याच्या शेजारी ‘आरोप मी मान्य केले नाहीत आणि नाकारतही नाही’ हे वाक्य ठेवायला सांगते. संपादकांनाही आधी लेखी कळवा. लेख निर्दोष असला आणि वर शीर्षक ‘एका निरपराधाची कहाणी’ असे आले, तर ‘करू देणार नाही’ या शब्दांचा प्रश्न येतो. तुम्ही स्वतः लिहिले तर? तुम्ही सही केलेली नाही. तुमचा हक्क तुमच्याकडे शाबूत आहे. पण मजकूर दादांनी पुरवला, मसुदा त्यांनी तपासला, असे असेल तर ते त्यांनी वदवून घेतले असे म्हणायला जागा राहते. घरात, मित्रांशी, समुपदेशकाशी बोलणे हे जाहीर विधान नव्हे, हेही त्यांना सांगा. अनेक जण भीतीने तिथेही गप्प होतात आणि आतून खचतात. त्याची गरज नाही.

आयोग हे खरेच मनावर घेतो का, असे लोक विचारतात. २००३ मध्ये वॉल स्ट्रीटच्या मोठ्या दलाली संस्थांनी पक्षपाती शेअर संशोधनाच्या प्रकरणात मिळून सुमारे १४० कोटी डॉलरचा समझोता केला. त्यानंतर लगेच मॉर्गन स्टॅन्लीचे प्रमुख फिलिप पर्सेल एका परिषदेत म्हणाले, की या समझोत्यात आमच्या छोट्या गुंतवणूकदारांनी काळजी करावी असे काही मला दिसत नाही. आरोप नाकारण्याचा शब्दही नव्हता. तरी आयोगाचे अध्यक्ष विल्यम डोनाल्डसन यांनी त्यांना कडक शब्दांत पत्र पाठवले आणि समझोत्याची अट त्यात आठवून दिली. उलट बाजूला इलॉन मस्क आहेत. २०१८च्या ऑगस्टमध्ये टेस्ला खासगी करण्यासाठी ‘निधी पक्का आहे’ असे ट्विट केल्यावर दावा झाला. त्यांनी आणि टेस्लाने प्रत्येकी २ कोटी डॉलर भरले, अध्यक्षपद सोडले, आणि काही विषयांवरच्या ट्विटना वकिलाची पूर्वपरवानगी घेण्याचे मान्य केले. एप्रिल २०२२ मध्ये एका जाहीर मुलाखतीत ते म्हणाले, की निधी खरोखर होता आणि समझोता दबावाखाली केला. त्यांचे प्रकरण पुन्हा उघडले गेले नाही. यावरून दादांनी धडा घेऊ नये. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाशी पुन्हा खटला लढण्याचा आयोगाचा हिशेब वेगळा आणि एडिसनमधल्या नोकरदाराशी लढण्याचा वेगळा. आणि मस्क यांनी पूर्वपरवानगीची अट काढून टाकायला न्यायालयात धाव घेतली तेव्हा ते हरलेच: २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात, २०२३ मध्ये अपिलात, आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीच नाकारली. पहिल्या दोन्ही न्यायालयांचे कारण साधारण एकच होते: तुम्ही स्वतःच हे मान्य केले होते.

याच कारणावर तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर उभे आहे. सरकारने कायदा करून ‘आयोगाचे आरोप नाकारणारा लेख छापू नका’ असे फर्मावले असते तर तो एका दिवसात कोसळला असता. प्रकाशनाआधीच तोंड बंद करणे हे भाषणस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीला सर्वांत जास्त वर्ज्य. १९३१च्या निअर विरुद्ध मिनेसोटा निकालापासून हे तत्त्व पक्के आहे. एकाच बाजूचे मत बोलू देणे आणि दुसरी बाजू बंद करणेही वर्ज्य, आणि इथे नेमके तेच आहे: ‘हो, मी केले’ असे म्हणायला पूर्ण मोकळीक, ‘नाही केले’ म्हणायला बंदी. पण अमेरिकी कायद्यात माणूस आपला हक्क समजून-उमजून सोडून देऊ शकतो. १९८० मध्ये स्नेप प्रकरणात सीआयएच्या माजी अधिकाऱ्याने पुस्तक आधी दाखवण्याचा करार मोडला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो करार उचलून धरला. १९८७ मध्ये न्यूटन विरुद्ध रुमरी प्रकरणात कसोटी मिळाली: सरकारशी केलेल्या करारात हक्क सोडला असेल, तर तो करार अमलात आणण्यातले हित आणि त्याने होणारे सार्वजनिक नुकसान यांचा तोल पाहायचा.

या अटीविरुद्ध गेल्या काही वर्षांत लढाया झाल्या, आणि जवळजवळ सगळ्या दारातच अडल्या. झेरॉक्सचे माजी वित्तप्रमुख बॅरी रोमेरिल यांनी २००३ मध्ये ५० लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून समझोता केला होता. २०१९ मध्ये, उतारवयात, त्यांनी ‘मला माझी बाजू सांगू द्या, तो निकाल शून्यवत ठरवा’ असा अर्ज केला. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये नकार दिला: निकाल शून्यवत ठरायला न्यायालयाला अधिकारच नसणे किंवा म्हणणे मांडायची संधीच न मिळणे असे काही घडावे लागते, तसे इथे नाही, आणि समझोत्यात पक्षकार हक्क सोडू शकतात. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही दार उघडले नाही. टेक्सासच्या नोव्हिंजर प्रकरणात २०२२ मध्ये निकाल तसाच लागला, पण न्यायमूर्ती एडिथ जोन्स यांनी स्वतंत्र टिपण लिहिले, की यापेक्षा परिणामकारक पूर्वबंदीची कल्पना करणे कठीण आहे. या धोरणाचा न्यायालयांना पूर्ण विचार करावा लागेल ती वेळ फार दूर नाही, असेही त्यांनी सुचवले. ‘केटो इन्स्टिट्यूट’ या संस्थेला आयोगाशी समझोता केलेल्या एका व्यावसायिकाच्या आठवणी प्रसिद्ध करायच्या होत्या. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांना दावा करायचा अधिकारच नाही असे ठरवले. आयोगाचे धोरण रद्द केले तरी त्या लेखकाच्या जुन्या निकालातली अट तशीच राहील, मग तुम्हाला आम्ही देणार काय, असा तो तर्क होता.

तुमच्या दादांसाठी हा तर्क सर्वांत कामाचा आहे. आयोगाने हा नियम स्वतःच्या अधिकारात केला आणि तो स्वतः तो बदलू शकतो. पण बदलला तरी जुन्या कागदावरची अट आपोआप पुसली जात नाही. आयोगाने ‘आम्ही ती अमलात आणणार नाही’ असे लेखी सांगावे लागते किंवा ज्या न्यायालयाने निकाल दिला तिथे जाऊन बदल मागावा लागतो. बातमी वाचून कोणी लेख पाठवून देऊ नये.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पॉवेल प्रकरणात सॅन फ्रान्सिस्कोच्या अपील न्यायालयाने प्रथमच या नियमाच्या घटनात्मकतेला थेट हात घातला. २०१८ मध्ये ‘न्यू सिव्हिल लिबर्टीज अलायन्स’ या नागरी हक्कांच्या संस्थेने नियम बदलण्याची मागणी केली होती. आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये ती फेटाळली. आयुक्त हेस्टर पीअर्स यांनी तेव्हा विरोधी मत नोंदवले. न्यायालय म्हणाले, की हक्क स्वेच्छेने सोडता येत असल्याने नियम सरसकट घटनाबाह्य म्हणता येणार नाही. मात्र एखाद्या विशिष्ट प्रकरणात तो कसा वापरला गेला, यावर आव्हान देण्याची वाट मोकळी आहे. म्हणजे उद्या कोणी लेख लिहिला, आयोगाने दावा उघडला, तर तेव्हा भांडायला जागा आहे. पण त्यासाठी कोणीतरी आधी आपले घर पणाला लावायचे. तो कोणीतरी तुमचा भाऊ व्हावा असे मी सांगणार नाही.

उलट दिशेचा एक निकाल मात्र माझ्या मनात कायम असतो. बाल्टिमोरमध्ये ॲशली ओव्हर्बी या महिलेने पोलिसांच्या गैरवर्तनाबद्दल शहराविरुद्ध दावा केला आणि ६३,००० डॉलरवर तो मिटला. अट अशी, की त्यांनी पोलिसांविरुद्ध बोलायचे नाही. वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर लोकांनी त्यांच्याबद्दल वाईट लिहिले, त्यांनी उत्तर दिले, आणि शहराने निम्मी रक्कम कापली. २०१९ मध्ये चौथ्या विभागाच्या अपील न्यायालयाने ती अट अमलात आणायला नकार दिला. रुमरीचीच कसोटी लावून त्यांनी म्हटले, की सरकारवर टीका होऊ न देण्यात सरकारचे कसलेही वैध हित नाही. ओव्हर्बी यांनीही सही केलीच होती. फरक एवढाच, की त्या फिर्यादी होत्या आणि आमचे अशील प्रतिवादी असतात. हा फरक कायद्याला इतका मोठा का वाटावा, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

आयोगाची बाजूही मांडते, कारण ती पोकळ नाही. नियम नोव्हेंबर १९७२चा. त्याआधी कंपन्या सकाळी समझोता करीत आणि दुपारी पत्रकार परिषद घेऊन सांगत, की आम्ही काहीच केले नव्हते, कटकट मिटावी म्हणून पैसे दिले. फसलेल्या गुंतवणूकदाराला ते जिव्हारी लागते आणि आयोग खंडणी घेतो असे चित्र उभे राहते. जे वर्तन घडलेच नाही त्यासाठी शिक्षा होते आहे असा समज होऊ नये, हेच नियमातले घोषित कारण आहे. मी मोठ्या कंपन्यांची अशी पत्रके पाहिली आहेत. तो संताप मला समजतो.

पण त्यावरचा उपाय आरोपीच्या तोंडाला कुलूप हा नव्हे. आयोगाकडे पुरावा असतो, आर्थिक पत्रकारांचा ताफा असतो, स्वतःचे संकेतस्थळ असते. कोणी खोटे नाकारले तर पुरावा पुढे ठेवून त्याला उघडे पाडा. किंवा कबुलीच मागा. २०१३ मध्ये आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्ष मेरी जो व्हाइट यांनी काही प्रकरणांत कबुलीची अट घालायला सुरुवात केलीच होती आणि जेपी मॉर्गन बँकेने ‘लंडन व्हेल’ या, तिच्या लंडनमधल्या व्यवहारांतल्या प्रचंड तोट्याच्या प्रकरणात २० कोटी डॉलर भरताना चुका मान्यही केल्या. किंवा खटला चालवा. न्यूयॉर्कचे न्यायाधीश जेड रेकॉफ यांनी २०११ मध्ये व्हिटेस या कंपनीच्या प्रकरणात यावर कठोरपणे लिहिले आहे: सरकारी संस्था म्हणते, की या लोकांनी भयंकर गोष्टी केल्या, आम्ही त्या सिद्ध करणार नाही, पण त्यांना त्या नाकारूही देणार नाही. रेकॉफ यांनी त्याच वर्षी सिटीग्रुपचा २८.५ कोटी डॉलरचा समझोता फेटाळला. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. समझोता मंजूर करताना आरोप खरे आहेत का हे तपासणे न्यायाधीशाचे काम नाही, असे त्यातून ठरले. मग ते तपासायचे कोणी? न्यायालय तपासत नाही, आयोग सिद्ध करत नाही, प्रतिवादी बोलू शकत नाही. आयोगाचे प्रसिद्धिपत्रक तेवढे कायम इंटरनेटवर राहते आणि दादांचे नाव शोधणाऱ्या प्रत्येकाला पहिले तेच दिसते.

इथे नुकसान फक्त दादांचे नाही. आयोग कोणावर कसा दबाव आणतो, कमकुवत प्रकरणे पैशांच्या जोरावर कशी मिटतात, हे ज्यांना आतून माहीत आहे नेमके तेच गप्प आहेत. ऐकणाऱ्यांचाही हक्क असतो, आणि तो सोडून द्यायला कोणी त्यांची सही घेतलेली नाही. हाच आयोग खासगी कंपन्यांना मात्र असे करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. जानेवारी २०२४ मध्ये जेपी मॉर्गनच्या दलाली शाखेला १.८ कोटी डॉलर दंड झाला, कारण ग्राहकांशी वाद मिटवताना त्यांनी गोपनीयतेचे असे कागद सह्या करून घेतले होते की ग्राहकाला आपणहून आयोगाकडे जाता येऊ नये. समझोत्याच्या टेबलावर दुबळ्याकडून मौन विकत घेणे चूक आहे, हे आयोगाला तिथे स्पष्ट दिसते.

ज्यांनी खटला लढवून जिंकला ते बोलतात. अब्जाधीश उद्योजक मार्क क्यूबन यांच्यावर २००४ मध्ये एका इंटरनेट कंपनीचे शेअर विकून साडेसात लाख डॉलरचा तोटा टाळल्याचा दावा होता. २०१३ मध्ये डॅलसच्या ज्युरीने त्यांना दोषमुक्त केले, आणि तेव्हापासून ते आयोगावर मनसोक्त टीका करतात. त्यांच्याकडे लढायला पैसा होता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे ती चढायची ऐपतच फार थोड्यांची असते, आणि म्हणून बहुसंख्य प्रकरणे समझोत्यात संपतात. तुमच्या भावाची ‘स्वेच्छा’ त्या परिस्थितीत तोलायला हवी होती.

ज्यांची सही अजून व्हायची आहे अशांसाठी थोडे, कारण हे उत्तर त्यांच्याही हाती पडेल. लोक दंडाच्या आकड्यावर महिनोन् महिने घासाघीस करतात आणि या परिच्छेदाकडे ‘हे छापीलच असते’ म्हणून पाहतही नाहीत. हा परिच्छेद बदलून मिळणे जवळजवळ अशक्य, हे खरे. पण तक्रारपत्राची भाषा बदलून मिळू शकते, आणि तिथेच खरा वाव आहे. जे तक्रारपत्रात आहे तेच तुम्ही जन्मभर नाकारू शकणार नाही. जे त्यात नाही ते नाकारायला तुम्ही मोकळे. म्हणून प्रस्तावित तक्रारपत्राचा मसुदा ओळीओळीने वाचा. हेतुपूर्वक फसवणुकीचे कलम काढून निष्काळजीपणाचे घेता येईल का, एखादा रंगवलेला परिच्छेद, एखादा संदर्भ तोडून घेतलेला ईमेल, पत्नीचे किंवा मित्राचे नाव वगळता येईल का, यासाठी झगडा. पाच लाख कमी दंडापेक्षा एक खोटा परिच्छेद कमी होणे दहा वर्षांनी जास्त मोलाचे ठरते. दलाली क्षेत्रातल्यांनी लक्षात ठेवावे, की फिन्रा या स्वनियामक संस्थेच्या समझोत्यातही अशीच अट असते आणि ती संस्था सरकारी नसल्याने तिथे पहिल्या घटनादुरुस्तीचा आधार आणखी पातळ.

शेवटी तुम्ही विचारले आहे, की भारतात सेबीशी समझोता केला असता तर? सेबीने ही पद्धत २० एप्रिल २००७च्या परिपत्रकाने आणली. पुढे सेबी कायद्यात कलम १५जेबी आले, आणि १ जानेवारी २०१९ पासून २०१८चे समझोता विनियम लागू आहेत. तिथेही आदेशात ‘निष्कर्ष मान्य वा अमान्य न करता’ हीच भाषा असते. समझोता आदेशावर अपील नाही, आणि अटी मोडल्या किंवा माहिती लपवली तर आदेश मागे घेता येतो. अर्जासोबत हमी आणि हक्कत्यागाचा एक भाग सही करून द्यावा लागतो. तो अर्ज भरण्याआधी वाचावा, मंजुरी आल्यावर नाही.

पण पायाभूत फरक आपल्या घटनेत आहे, आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांना मी तो नेहमी सांगते. बशेशर नाथ यांनी आयकर चौकशी आयोगाशी समझोता करून हप्ते भरायला सुरुवात केली होती. नंतर त्या कायद्यातली कलमे समानतेच्या हक्काविरुद्ध ठरली, तेव्हा सरकार म्हणाले, तुम्ही तर समझोता करून हक्क सोडलात. १९५८च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले, की कलम १४चा हक्क असा सोडता येत नाही. दोन न्यायमूर्तींनी पुढे जाऊन कोणताच मूलभूत हक्क सोडता येत नाही असे लिहिले. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस प्रकरणात, मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांनी उच्च न्यायालयात ‘झोपड्या पाडायला आडकाठी करणार नाही’ असे कबूल केले होते, म्हणून महापालिकेने त्यांना त्यावर बांधून ठेवू पाहिले. मूळचे पुण्याचे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने ते नाकारले: घटनेने दिलेली स्वातंत्र्ये व्यक्तीला सौद्यात देऊन टाकता येत नाहीत, कारण ती एकट्या तिच्या फायद्यासाठी नाहीत. भाषणस्वातंत्र्याच्या कलम १९(१)(अ) बद्दल हाच युक्तिवाद नियामकाशी झालेल्या समझोत्यात करता येईल आणि तो मजबूत असेल, असे माझे मत आहे.

दादांच्या कागदाला मात्र अमेरिकी कायदा लागू आहे. लेखाचा मसुदा, संमतिपत्र, निकाल आणि तक्रारपत्र असे चार कागद घेऊन एखाद्या सिक्युरिटीज वकिलाकडे जा आणि मसुद्यातले प्रत्येक वाक्य तक्रारपत्राच्या परिच्छेदांशी ताडून पाहायला सांगा. मराठी मसुद्याचे इंग्रजी भाषांतर करून न्या, आणि ते तुम्ही स्वतः करा, यंत्रावर सोडू नका. आयोगापुढे प्रश्न आला तर ‘समज निर्माण होतो का’ हे त्या भाषांतरावरूनच ठरेल.